आधी फाइल, मग कॅमेरा

१
कॅमकॉर्डर घेताना माणसं झूम किती ते विचारतात, हातात धरून वजन बघतात, स्क्रीन उघडून स्वतःकडे वळवतात. याच्यातून निघणारी फाइल माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का, हा प्रश्न काउंटरवर क्वचित ऐकू येतो.

२
बोरा बाजार, फोर्ट, मुंबई. विक्रेत्याच्या तोंडी फोर-के, खोक्यावर फोर-के. फाइलचा प्रकार खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात: एव्हीसीएचडी, एक्सएव्हीसी एस, एमपी४. मी ती ओळ आधी वाचतो.

३
एमपी४ हे वेष्टन. आत चित्र दाबण्याची पद्धत, म्हणजे कोडेक, एच.२६४ असू शकते, एच.२६५ असू शकते. रंगाची खोली आठ बिट किंवा दहा बिट. दोन कॅमेऱ्यांच्या दोन फाइली, दोन्ही एमपी४. एक जुन्या लॅपटॉपवर सरळ चालते. दुसरीचा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

४
१९९५ साली डिजिटल टेपवरचं डीव्ही आलं. त्याच वर्षी आयईईई १३९४ हे केबलचं मानक ठरलं. ॲपल त्याला फायरवायर म्हणे, सोनी आय.लिंक. सोनीचा डीसीआर-व्हीएक्स१००० कॅमेरा दोन्ही घेऊन बाजारात उतरला. टेपवर लिहिलेले अंक जसेच्या तसे केबलमधून कॉम्प्युटरमध्ये येऊ लागले. चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट, आवाज वगैरे धरून तासाला सुमारे १३ जीबी, आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र.

५
ऑक्टोबर १९९९. ॲपलने आयमॅक डीव्ही आणि आयमूव्ही बरोबरीने आणले. कॅमेरा जोडायचा, प्रोग्रॅम उघडायचा, माउसनेच टेप मागेपुढे करायची. कॅमेरा बनवणारे आणि सॉफ्टवेअर बनवणारे एकमेकांशी बोलले, की घरातल्या माणसाचं काम किती सोपं होतं, हे त्या वर्षी दिसलं.

६
युरोपात विकल्या गेलेल्या कित्येक डीव्ही कॅमेऱ्यांत एक वाट मुद्दाम बंद केलेली असे: कॉम्प्युटरवरून टेपवर परत रेकॉर्ड करण्याची. बाहेरचा सिग्नल घेऊन रेकॉर्ड करणारं यंत्र तिथल्या कस्टम्सच्या लेखी व्हिडिओ रेकॉर्डर ठरायचं आणि त्यावर जकात जास्त लागायची. तोच कॅमेरा दुसऱ्या खंडात घेतला तर वाट उघडी.

७
फोटोचे अनेक कॅमेरे व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबवत. तेही जकातीमुळे. सलग ३० मिनिटं टिपू शकला तर युरोपच्या वर्गवारीत तो व्हिडिओ कॅमेरा. २०१९ पर्यंत ही जकात गेली आणि नव्या कॅमेऱ्यांतून मर्यादाही जाऊ लागली. जुना फोटो-कॅमेरा व्हिडिओसाठी घेताना हे विचारून घ्यावं. कीर्तनाचा पूर्वरंगसुद्धा अर्ध्या तासात संपत नाही.

८
२००६. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी जाहीर केलं. टेपच्या जागी कार्ड, डिस्क, हार्ड डिस्क. फाइल डीव्हीपेक्षा लहान, चित्र डीव्हीपेक्षा मोठं. आणि त्याच कॉम्प्युटरवर टाइमलाइन अडखळायला लागली.

कारण दाबण्याच्या पद्धतीत आहे. डीव्हीत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. एव्हीसीएचडीत अधूनमधून एक फ्रेम पूर्ण, मधल्यांत फक्त फरक. हिशेबाच्या वहीत रोजची शिल्लक न लिहिता ‘कालच्यापेक्षा चाळीस कमी’ एवढंच लिहीत गेलं, तर गुरुवारची शिल्लक सांगायला सोमवारपासून बेरीज करावी लागते. टाइमलाइनवर कुठेही क्लिक केलं की प्रोसेसर ही बेरीज करत बसतो.

९
लहान फाइल कार्डाला हलकी असते, प्रोसेसरला जड.

१०
एव्हीसीएचडीचं कार्ड उघडलं की प्रायव्हेट नावाचं फोल्डर, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम. शूटिंग तिथे, आकड्यांच्या नावाने, एमटीएस फाइलींत. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांची रचना ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, म्हणून कॅमेरा लांब शॉटचे तुकडे करतो. नुसते तुकडे उचलून टाइमलाइनवर लावले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटू शकतो. अख्खं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवावं आणि सॉफ्टवेअरमधूनच आयात करावं. तुमचं सॉफ्टवेअर हे फोल्डर ओळखून तुकडे आपोआप जोडतं का, हे खरेदीआधी पाहण्याची गोष्ट.

११
चित्र आहे, आवाज नाही. माणूस आधी माइकला दोष देतो. एव्हीसीएचडीचा आवाज बहुधा डॉल्बी डिजिटलमध्ये असतो. तो उलगडण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्या विंडोजमध्ये नसेल, तर माइक कितीही महागडा असला तरी टाइमलाइनवर शांतताच येते.

१२
तालुक्याच्या गावातला लग्नाचा स्टुडिओ. कॉम्प्युटरवर एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर. मूळचं जपानमधल्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीचं. ती कंपनी २००५ मध्ये ग्रास व्हॅलीकडे गेली. आपल्या लग्न-स्टुडिओंत ते का रुजलं याचं उत्तर तिथल्या कामात आहे. हळद एका कॅमेऱ्यावर, मंगलाष्टकं दोन कॅमेऱ्यांवर, वरात भाड्याच्या तिसऱ्यावर. प्रत्येकाची फाइल वेगळी, फ्रेम-रेट वेगळा. एडियस हे सगळं रूपांतर न करता एकाच टाइमलाइनवर चालवतं. मे महिन्यात लागोपाठ मुहूर्त असताना रूपांतराला रात्र शिल्लक नसते.

१३
त्या स्टुडिओत कॅमेरा बदलतो तेव्हा नवा कॅमेरा आधी एका दिवसासाठी भाड्याने आणला जातो. त्याचं कार्ड एडियसमध्ये उघडून पाहिलं जातं. मगच पैसे मोजले जातात. मला माहीत असलेली ही सर्वांत शहाणी खरेदी आहे, आणि ती कुठल्याही पुस्तकातून आलेली नाही.

१४
आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. न्यू जर्सीहून भावाने आणलेला कॅमेरा फक्त ६० हर्ट्झच्या जगासाठी बनलेला असेल, तर इथल्या मंगल कार्यालयात चित्रावरून पट्टे सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधलं की ते बरेचसे थांबतात. तरी फ्रेम-रेट २९.९७ राहतोच. बाकी सगळे कॅमेरे २५ वर. मेन्यूत पाल किंवा ५० हर्ट्झचा पर्याय आहे का, हे भावाने तिथल्या दुकानातच बघावं.

१५
२९.९७ हा आकडा १९५३ सालचा. अमेरिकेत रंगीत टीव्ही आणताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून ३० चा वेग हजारात एकाने कमी केला गेला. आजही सोलापुरातला मुलगा नवा प्रोजेक्ट उघडतो तेव्हा यादीत तो आकडा समोर असतो.

१६
आपल्यासाठी नियम छोटा: सगळे कॅमेरे २५ किंवा ५० वर. टाइमलाइनही २५ किंवा ५० वर. एक कॅमेरा जरी २९.९७ वर राहिला तरी पालखीसोबत कॅमेरा फिरवलेला शॉट धक्के खात जातो.

१७
मेन्यूत ५०आय आणि ५०पी शेजारी शेजारी असतात. ५०आय ट्यूबच्या टीव्हीसाठी होतं: एका वेळी एकाआड एक ओळी, उरलेल्या पुढच्या फेरीत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन्ही फेऱ्या एकत्र दिसतात आणि लेझीम खेळणाऱ्या हातांच्या कडा दातेरी होतात. एव्हीसीएचडीत १०८० रेषांचं ५०पी २०११ मध्ये अधिकृत झालं. कॅमेरा त्यानंतरचा असेल आणि सॉफ्टवेअर घेत असेल तर ५०पी निवडावं. जुन्या ५०आय फाइली डीइंटरलेस कराव्यात, पण मूळ फाइल पुसू नये.

१८
मालेगाव. यंत्रमागांचं गाव. नासिर शेख यांनी तिथे व्हिडिओवर चित्रपट काढले, त्यांतला ‘मालेगाव के शोले’ गाजला. सुरुवातीचं संकलन दोन व्हीसीआर जोडून: एकावर टेप चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवायचा. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तीच मंडळी छोटा कॅमेरा आणि हिरवं कापड घेऊन सुपरमॅनला उडवतात.

१९
हिरव्या कापडाचं गणित. पाल डीव्हीचं चित्र ७२० × ५७६. त्यात रंगाची माहिती मात्र ३६० × २८८ इतकीच. फुल एचडीच्या ४:२:० फाइलीत चित्र १९२० × १०८०, रंग ९६० × ५४०. हिरवं काढून टाकायचं ते रंगावरूनच, म्हणून माणसाच्या कडा आणि केस फाटतात. रोजच्या शूटिंगला ४:२:० पुरतं. हिरव्या पडद्यापुढे नियमित काम करणाऱ्याने रंगाची माहिती जास्त ठेवणारं ४:२:२ देणारा कॅमेरा शोधावा.

२०
४:२:२ दहा बिट देणारा कॅमेरा मिळाला. आता कॉम्प्युटर बघा. ग्राफिक्स कार्डांत एच.२६४ उलगडणारा भाग बरीच वर्षं ४:२:० आठ बिटसाठीच होता. एच.२६५ चं ४:२:२ इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आसपासच्या प्रोसेसरांनी आणि ॲपलच्या एम मालिकेने आधी हाती घेतलं. एनव्हिडियाने ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत दिलं. म्हणजे महागड्या कार्डाच्या गेमिंगच्या मशीनवर जी फाइल अडखळते, ती साध्या मॅकबुकवर सहज चालू शकते.

२१
दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती ही विद्यार्थ्यांसाठी मोठी देणगी आहे. तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच.२६४ ची फाइल घेत नाही. विंडोजवर आठ बिट एच.२६४ घेते, पण दहा बिट ४:२:२ च्या बऱ्याच फाइलींसाठी पैसे देऊन स्टुडिओ आवृत्ती लागते. तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा.

२२
केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं पूर्ण मोफत. दोघांच्या पोटात फाइली उलगडणारा एफएफएमपेग. हा प्रकल्प फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केला आणि पुढे जगभरच्या लोकांनी वाढवला. कंपन्यांनी सोडून दिलेल्या कॅमेऱ्यांच्या फाइली आज उघडतात त्या बऱ्याचदा या लोकांमुळे. जुन्या आणि विचित्र फाइलींसाठी मी पहिला प्रयत्न इथेच करायला सांगतो.

२३
जेव्हीसीच्या एव्हरियो कॅमेऱ्याची फाइल: एमओडी. डबल क्लिक केलं तर काही होत नाही. आत साधं एमपीईजी-२. नावाच्या शेवटी एमपीजी केलं की अनेक सॉफ्टवेअरं ती घेतात. रुंद पडद्याची खूण मात्र शेजारच्या एमओआय फाइलीत असते. ती सुटली की वऱ्हाडी सडपातळ आणि उंच दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण हाताने १६:९ करावं.

२४
आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे कॅमेरे. डिस्क फायनलाइज केली नसेल तर कॉम्प्युटर ती रिकामी दाखवतो. रिकामी म्हणून किती डिस्का फेकल्या गेल्या असतील. फायनलाइज त्याच कॅमेऱ्यात करणं सर्वांत सुरक्षित. म्हणून घरातला असा कॅमेरा भंगारात देण्याआधी डिस्का तपासाव्यात.

२५
जून २०११: फायनल कट प्रो एक्स आलं. फायनल कट ७ चे प्रोजेक्ट त्यात उघडले नाहीत.
जानेवारी २०१७: मायक्रोसॉफ्टने विंडोज मूव्ही मेकर देणं बंद केलं.
२०२५: मॅकच्या टाहो आवृत्तीतून फायरवायरचा आधार गेला.
कॅमेरे तिन्ही वेळा ठणठणीत होते.

२६
म्हणून प्रोजेक्ट फाइल हा साठा धरू नये. मूळ फुटेज, आणि पूर्ण झालेल्या फिल्मची एक चांगल्या दर्जाची प्रत, या दोन गोष्टी ठेवाव्यात. प्रोजेक्ट राहिला तर उत्तम.

२७
मोबाइल हाही आता कॅमकॉर्डरच. त्याची एक खोड: उजेड आणि तापमान बघून तो फ्रेम-रेट कमी-जास्त करतो. सेकंदाला कधी ३०, कधी २७. छोट्या क्लिपमध्ये कळत नाही. पाऊण तासाच्या व्याख्यानात शेवटी शेवटी ओठ आणि आवाज वेगळे होतात. हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाइल आधी रूपांतरित करावी. केडेनलाइव्ह अशी क्लिप आली की स्वतःहून विचारतं. मोबाइलवरच शूट करायचं असेल तर फ्रेम-रेट बांधून ठेवणारं कॅमेरा ॲप वापरावं.

२८
२०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि नव्या आयफोनचा व्हिडिओ एच.२६५ मध्ये जाऊ लागला. सेटिंगमध्ये दुसरा पर्याय आहे, मोस्ट कम्पॅटिबल. जुना लॅपटॉप असणाऱ्याने तो निवडावा. फाइल मोठी होईल आणि काम पुढे जाईल.

२९
१०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत बिट, कार्डावर बाइट. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, म्हणजे १०० मेगाबिटला ते पुरून उरतं. तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास भरतं. संगीत नाटकाचा तिसरा अंक त्याच सुमाराला रंगात येतो. नाटक टिपणाऱ्यांनी दोन कार्डांच्या जागा असलेला, एक भरलं की न थांबता दुसऱ्यावर जाणारा कॅमेराच घ्यावा.

३०
सोनीने २०१३ मध्ये एक्सएव्हीसी एस आणलं. एमपी४ वेष्टन, आत एच.२६४, आवाज पीसीएम. डॉल्बीचा प्रश्न नाही. सोनीच्या अनेक हँडीकॅमच्या मेन्यूत एव्हीसीएचडी आणि एक्सएव्हीसी एस दोन्ही असतात. एकाच कॅमेऱ्यातून दोन वेगळ्या स्वभावांच्या फाइली. कॅमेरा बदलण्याआधी मेन्यू बदलून पाहावा.

३१
प्रॉक्सी. मूळ जड फाइलची हलकी, कमी आकाराची प्रत करून तिच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी सॉफ्टवेअरने मूळ फाइल वापरून फिल्म बाहेर काढायची. प्रीमिअर, रिझॉल्व्ह, फायनल कट, केडेनलाइव्ह सगळ्यांत ही सोय आहे. जुन्या मशीनवर काम करणाऱ्या मुलांना कुणी हे सांगत नाही आणि ती नव्या लॅपटॉपसाठी घरी भांडतात. एक रात्र प्रॉक्सी बनवायला लावून झोपलं, तर सकाळी तोच लॅपटॉप फोर-के कापतो.

३२
दुसरा मार्ग: ॲपल प्रोरेस किंवा एव्हिड डीएनएक्सएचडी. दोन्हींत प्रत्येक फ्रेम पुन्हा स्वतंत्र, डीव्हीसारखी. फुल एचडी २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. हार्ड डिस्क स्वस्त आहे, एडिट करणाऱ्याचा वेळ महाग आहे.

३३
विवाहसोहळा. शीर्षकात हा एक शब्द टाकला की सॉफ्टवेअरची परीक्षा होते. देवनागरीची जुळणी ज्याला येत नाही तिथे वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. पुढची परीक्षा: वऱ्हाड, कार्यालय, श्रीकृष्ण, ज्ञानेश्वरी. प्रीमिअरमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन सेटिंगमधून निवडावं लागतं. शीर्षकं मराठीत देणाऱ्याने सॉफ्टवेअर ठरवताना हे पाच शब्द टाइप करून पाहावेत. आपल्या लग्नांच्या, आपल्या गावांच्या फिल्मवर तुटलेली जोडाक्षरं चालवून घेऊ नयेत.

३४
मीडियाइन्फो. फुकट, छोटा प्रोग्रॅम. फाइल त्यात टाकली की सगळं सांगतो. बघायच्या ओळी:
कोडेक कुठला.
आठ बिट की दहा बिट.
४:२:० की ४:२:२.
फ्रेम-रेट स्थिर की बदलता.
इंटरलेस की प्रोग्रेसिव्ह.
आवाज एएसी, पीसीएम की डॉल्बी.
या सहा ओळी सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकाशेजारी ठेवल्या की बहुतेक निर्णय तिथेच होतो.

३५
दुकानात करायची चाचणी. स्वतःचं कार्ड न्यावं. एक मिनिट चालत्या माणसांवर, एक मिनिट बोलणाऱ्या माणसावर, एक मिनिट दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर. घरी येऊन तीनही क्लिप नेहमीच्याच सॉफ्टवेअरमध्ये, नेहमीच्याच कॉम्प्युटरवर. मधे कापावं. दोन क्लिप एकावर एक ठेवाव्यात. रंग थोडा बदलावा. मराठीत शीर्षक द्यावं. एक्स्पोर्ट करून दुसऱ्या मशीनवर बघावं. दुकानदार कार्ड घालू देत नसेल तर दुसरं दुकान गाठावं.

३६
११ जुलै १९९७: घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार. आनंद पटवर्धन यांचा त्यावरून सुरू झालेला माहितीपट ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला २०११ मध्ये, चौदा वर्षांनी. त्याच चौदा वर्षांत बाजारात डीव्ही रुळलं, २००३ मध्ये एचडीव्ही आलं, २००६ मध्ये एव्हीसीएचडी. दीर्घ काम हाती घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: कुठल्या तारखेचं फुटेज कुठल्या कॅमेऱ्यावर, कुठल्या सेटिंगवर.

३७
जुलै २०१६: व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने उत्पादन थांबवलं.
ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय टेपांसाठी ‘डेडलाइन २०२५’ असा इशारा दिला होता: तोपर्यंत डिजिटल झालं नाही ते बहुधा गेलंच.
ते साल उलटलं. आपल्याकडच्या कपाटांत डीव्हीच्या छोट्या टेपा, मिनीडीव्ही, अजून आहेत. गावच्या जत्रा, आजीचं बोलणं, बंद पडलेल्या शाळांची स्नेहसंमेलनं.

३८
मिनीडीव्ही उतरवायला चालू कॅमेरा, फायरवायरची केबल आणि फायरवायर असलेला जुना कॉम्प्युटर लागतो. तिन्ही सेकंडहँड बाजारात अजून मिळतात. एलपी वेगात रेकॉर्ड केलेल्या टेपा दुसऱ्या कॅमेऱ्यावर चालतीलच असं नाही, ज्याच्यावर शूट केलं तोच आधी शोधावा. यूएसबी केबलवर जाऊ नये, बऱ्याच कॅमेऱ्यांत तिच्यातून मूळ दर्जाचं डीव्ही येत नाही. विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. उतरवलेल्या डीव्ही फाइलीत प्रत्येक फ्रेमसोबत तारीख आणि वेळ असते, अर्थात तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर.

३९
नव्या कॅमेऱ्याचं घड्याळ आजच लावावं.

४०
कॅमेरा घ्यायला निघालेला मुलगा भेटला की मी त्याला चार प्रश्न विचारतो. तुला कुठलं सॉफ्टवेअर येतं? ते ज्याच्यावर चालतं तो कॉम्प्युटर कुठला? तो कुठली फाइल न अडखळता चालवतो? ती फाइल देणारे कॅमेरे कुठले? याच क्रमाने. चौथ्या प्रश्नापर्यंत यादी पाच-सहा नावांवर येते, आणि झूम, लेन्स, किंमत हे तिथे बघायचं. उरलेले पैसे माइकला आणि तिवईला.

४१
शाळा, नाट्यसंस्था, वाचनालयं आता स्वतःचे कॅमेरे घेतात. तीन कोटेशनं मागवतात आणि सर्वांत कमी किमतीवर सही होते. तिथे मागणीपत्रात एक अट वाढवायला खर्च येत नाही: प्रत्येक विक्रेत्याने त्या कॅमेऱ्यावर टिपलेली पाच मिनिटांची नमुना फाइल पेनड्राइव्हवर द्यावी, आणि ती संस्थेच्याच कॉम्प्युटरवर, संस्थेच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून, कापून, आवाजासह एक्स्पोर्ट झाल्याशिवाय दर उघडू नयेत.